घरचा संगणक आणि व्यवसायाचें कुलूप

घर लहान असलें तरी चालेल, पण तें वाढतें असावें, ही मध्यमवर्गीय माणसाची इच्छा फार जुनी आहे. नवी मुंबई वसविणाऱ्यांनीं ती ओळखली होती. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि चार्ल्स कोरिआ हे या नव्या शहराचे प्रमुख वास्तुशिल्पज्ञ म्हणून पहिलीं कांहीं वर्षें काम पाहत होते. त्यांनींच पुढें १९८३ ते १९८६ या काळांत बेलापूर येथें एक वसाहत उभारली. आर्टिस्ट्स व्हिलेज या नांवानें ती ओळखली जाते. तेथील एका घराची भिंत दुसऱ्या घराच्या भिंतीला चिकटूं दिलेली नव्हती. कुटुंब वाढलें, हातांत चार पैसे आले, कीं मालकानें आपल्या सोयीनें एखादी खोली वाढवावी आणि शेजाऱ्याची मनधरणी करण्याची पाळी त्याच्यावर येऊं नये, अशी ती योजना होती.

त्याच बेलापुरांत, आणि वाशी, नेरूळ, खारघर या उपनगरांत, आज अनेक घरांतून संगणक आहे; आणि त्याच्याहि बाबतींत कुटुंबप्रमुखापुढें तोच प्रश्न येऊन उभा राहतो. आहे त्यांत भागवावें, कीं एक खोली वाढवावी? लॅपटॉप विकत घेतांना त्याच्यावर विंडोजची होम, म्हणजे घरगुती, आवृत्ति असते. पुढें कोणी स्नेही सांगतो, 'कामासाठीं वापरतां ना? मग प्रो करून घ्या.' प्रो म्हणजे व्यावसायिक आवृत्ति. या एका अक्षरासाठीं पैसे मोजावे काय, मोजले तर हातीं काय पडतें, आणि न मोजले तर काय धोका पत्करावा लागतो, याचा शांतपणें विचार केलेला बरा.

संगणकाचें यंत्र स्वतः मुकें असतें. त्याचा पडदा, कळफलक, माहिती साठविणारी डिस्क आणि बाहेरच्या जगाशीं जोडणारी इंटरनेटची जोडणी, या सर्वांना शिस्तींत वागविणारा जो कारभारी, तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें विंडोज हा असाच एक कारभारी होय. पूर्वीं या कंपनीचीं दोन निराळीं घराणीं होतीं. विंडोज ९५ आणि ९८ हीं घरासाठीं. विंडोज एनटी आणि विंडोज २००० हीं कचेरीसाठीं. २५ ऑक्टोबर २००१ रोजीं विंडोज एक्सपी बाजारांत आलें आणि हीं दोन्ही घराणीं एक झालीं. परंतु एक झाल्यावर लगेच त्याच घरांत दोन भाऊ वेगळे राहूं लागले. एकाचें नांव होम, दुसऱ्याचें प्रोफेशनल. नांवें थोडींफार बदललीं, तरी ती वांटणी आजहि कायम आहे.

येथें एक घोटाळा प्रथमच दूर केला पाहिजे. विंडोज १० वरून ११ वर जाणें ही एक गोष्ट आणि होमवरून प्रोवर जाणें ही दुसरी. पहिलींत कारभाऱ्याची पिढी बदलते, दुसरींत त्याचा अधिकार बदलतो. पात्र असलेल्या संगणकाला दहावरून अकरावर नेण्यास दाम पडत नाहीं. मात्र होम असेल तें होमच राहतें. उलट प्रोचा अधिकार विकत घ्यावा लागतो, पण त्यानें पिढी बदलत नाहीं. विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, ती होमची आणि प्रोची एकाच दिवशीं संपली. म्हणून जुन्या संगणकावर प्रो घातलें म्हणजे तो सुरक्षित झाला, हें समाधान पोकळ आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० या नांवाची सुरक्षा-व्यवस्था यंत्रांत असावी लागते. ती नसेल तर प्रोची किल्ली ती कोठून आणणार?

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. प्रो घेतल्यानें संगणकांत नवें असें काय येतें? बेलापूरच्या घराचा दाखला येथें अर्धाच लागू पडतो. तेथें वाढीव खोली मालकानें स्वतः बांधावयाची असते. येथें ती खोली बहुतांशीं आधींच बांधलेली असते. तिचें दार तेवढें बंद असतें. होम आणि प्रो यांचा पाया, भिंती आणि छप्पर एकच. पैसे देऊन मिळते ती पंचवीस अक्षरांची किल्ली. ती फिरविली कीं बंद दारें उघडतात. म्हणूनच या बदलांत डिस्क पुसावी लागत नाहीं, फाइली हलत नाहींत आणि बसविलेले प्रोग्राम जागच्या जागीं राहतात.

त्या दारांमागें काय नाहीं, हें आधीं सांगणें न्यायाचें होईल. प्रोमुळें संगणक जलद होत नाहीं. होम १२८ जीबीपर्यंत रॅम वापरूं शकतें आणि प्रो दोन टीबीपर्यंत; परंतु ज्याच्या लॅपटॉपमध्यें आठ किंवा सोळा जीबी आहे, त्याला या फरकाचा उपयोग तो काय! व्हायरसपासून रक्षण करणारा डिफेंडर दोन्हींत एकच आहे. वर्ड आणि एक्सेल हे प्रोबरोबर फुकट येतात, असा पुष्कळांचा समज असतो. तेहि येत नाहींत. त्यांचा व्यवहार निराळा.

मग मिळतें तें काय? पहिली गोष्ट बिटलॉकर. डिस्कवरील सर्व मजकूर गुप्त लिपींत ठेवणारें तें कुलूप आहे, आणि प्रोमध्यें त्याचा पूर्ण कारभार मालकाच्या हातीं येतो. दुसरी गोष्ट रिमोट डेस्कटॉप. होम असलेल्या संगणकावरून दुसऱ्या संगणकापर्यंत या वाटेनें जातां येतें, पण त्या होम संगणकांत बाहेरून कोणाला येतां येत नाहीं; प्रोमध्यें तें दार आंतून उघडतां येतें. फोर्टला कचेरी आणि नेरूळला घर असलेल्या माणसाला आपल्या घरच्या टेबलावरील संगणक कचेरींत बसून चालवितां येतो. मात्र हें दार थेट इंटरनेटवर उघडें टाकणें म्हणजे रात्रीं कडी न लावतां निजणें होय. चोर अशींच दारें हुडकीत असतात. व्हीपीएनसारख्या खासगी वाटेनेंच तेथें यावें.

तिसरी गोष्ट नियमांची. ग्रुप पॉलिसी नांवाच्या सोयीनें या संगणकांत काय चालावें आणि काय चालूं नये, हें मालक ठरवूं शकतो. विंडोजचे मोठे फेरबदल ३६५ दिवसांपर्यंत आणि महिन्याच्या दुरुस्त्या ३० दिवसांपर्यंत लांबणीवर टाकतां येतात. विवरणपत्रें भरण्याच्या शेवटच्या आठवड्यांत संगणकाचें रूप एकाएकीं बदलूं नये, असें ज्या करसल्लागाराला वाटतें, त्याला या सोयीचें मोल कळेल. चौथी गोष्ट म्हणजे संगणकाच्या पोटांत दुसरा तात्पुरता संगणक उभारण्याची. विंडोज सँडबॉक्स म्हणतात तो हाच. अनोळखी पत्राबरोबर आलेली संशयित फाइल तेथें उघडून पाहावी आणि खिडकी मिटावी, कीं सारें पुसलें जातें. मुख्य घराला त्याचा स्पर्शहि होत नाहीं.

ही यादी ऐकून कोणी म्हणेल, घरच्या माणसाला हें सारें कशाला? त्याचें उत्तर गेल्या कांहीं वर्षांच्या इतिहासांत आहे. २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. ऐरोली आणि महापे येथील मोठमोठ्या इमारतींत बसून चालणारें काम लोकांच्या दिवाणखान्यांत आलें आणि पुढें टाळेबंदी उठली तरी त्यांतलें पुष्कळसें तेथेंच राहिलें. बड्या कंपनीच्या नोकराची यांत फारशी चिंता नाहीं. त्याला मिळणाऱ्या लॅपटॉपची व्यवस्था कंपनीच पाहते. चिंता आहे ती स्वतंत्र धंदा करणाऱ्याची. घरीं बसून हिशेब लिहिणारा, सायंकाळचा दवाखाना चालविणारा डॉक्टर, पक्षकारांचीं कागदपत्रें सांभाळणारा वकील, एवढेंच नव्हे, तर सभासदांच्या आधारकार्डांच्या आणि खरेदीखतांच्या प्रती ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा मानद चिटणीस, या सर्वांच्या घरगुती संगणकांत दुसऱ्यांचीं गुपितें आहेत.

असा लॅपटॉप पनवेलच्या लोकलमध्यें राहिला, तर काय होतें? मालक म्हणतो, 'त्याला पासवर्ड आहे.' पण तो पासवर्ड दारावरच्या रखवालदारासारखा असतो. डिस्क गुप्त लिपींत नसेल, तर चोरानें लॅपटॉप उघडून ती बाहेर काढावी, दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि निवांत वाचावी. रखवालदार जुन्या दारावर उभाच राहतो आणि तिजोरी मागच्या मागें जाते. डिस्क बिटलॉकरनें बंद केलेली असेल, तर मात्र चोराच्या हातीं न वाचतां येणारा गोंधळ तेवढा लागतो. लॅपटॉपची किंमत बुडते, पण लोकांचा विश्वास बुडत नाहीं.

कायद्यानेंहि हाच भेद मानला आहे. व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठीं संसदेनें २०२३ सालीं कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें व्हावयाची असली तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. केवळ स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठीं ठेवलेल्या माहितीला तो कायदा लागू नाहीं. परंतु धंद्यासाठीं लोकांची माहिती घेतली, कीं ती सांभाळण्याची वाजवी काळजी घेणें हें कर्तव्य ठरतें. तें न केल्यास २५० कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. लहान व्यावसायिकावर एवढा दंड बसेल, असें नव्हे. पण आत्याच्या लग्नाचीं छायाचित्रें आणि पक्षकाराचें आयकर विवरण हीं एकाच कपाटांत असलीं, तरी त्यांची जबाबदारी एक नाहीं, एवढें ओळखलें पाहिजे.

येथें होम आवृत्तीवर अन्याय होतां कामा नये. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत होम असूनहि डिव्हाइस एन्क्रिप्शन या नांवाचें साधें कुलूप असतें, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केला कीं तें मालकाच्या नकळत आपोआप लागतें. तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं आपल्या संगणकांत तें आहे कीं नाहीं, हें सेटिंग्जमध्यें पाहावें. प्रोचें आधिक्य एवढेंच कीं, कोणती डिस्क बंद करावयाची, पेन ड्राइव्हलाहि कुलूप लावावयाचें काय, आणि किल्ली कोठें ठेवावयाची, हें तेथें मालक स्वतः ठरवितो.

आणि किल्लीचीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. बिटलॉकर लावतांना अठ्ठेचाळीस अंकांची एक पुनःप्राप्तीची किल्ली तयार होते. रोजच्या वापरांत ती कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच ती विसरली जाते. मग एके दिवशीं मदरबोर्ड बदलला जातो, किंवा यंत्राच्या मूळ प्रोग्रामांत फेरफार होतो, आणि निळा पडदा तेच अठ्ठेचाळीस अंक मागत उभा राहतो. ती किल्ली जर कोठेंच नसेल, तर दुकानांतला कारागीर, मायक्रोसॉफ्ट कंपनी किंवा प्रत्यक्ष मालक, यांपैकीं कोणालाहि तें कुलूप उघडतां येत नाहीं. चोरापासून वाचविलेली माहिती धन्यालाच पारखी होते. यास्तव ते अंक कागदावर छापून घ्यावे, घराच्या करारपत्राजवळ ठेवावे, आणि त्यांची दुसरी प्रत घराबाहेर, एखाद्या विश्वासू आप्ताकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्यें असावी. कुलूपबंद संगणकाच्याच पोटांत त्याची किल्ली ठेवणें हें शहाणपणाचें नव्हे. कुटुंबांतील एकातरी माणसाला ती कोठें आहे हें ठाऊक असावें, कारण मालक आजारी पडला तरी त्याचें काम आजारी पडत नसतें.

मराठी माणसाच्या दृष्टीनें आणखी एक बारकावा आहे. भारतांत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांवर होम सिंगल लँग्वेज नांवाची आवृत्ति असते. तिच्यांत मराठी लिहितां येतें, वाचतां येतें. पण पडद्यावरील सूचनांची भाषा एकच असते आणि ती बदलतां येत नाहीं. प्रोमध्यें ही अट नाहीं; तेथें सारा कारभार मराठींत करून घेतां येतो. देवनागरी लिपीची सोय मात्र सर्व आवृत्तींत सारखी आहे. त्या सोयीच्या इतिहासांत एका मराठी माणसाचें नांव आहे, हें येथें सांगण्याजोगें आहे. विंडोजबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट सुप्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं घडविला. ज्या राष्ट्रीय संस्थेशीं ते उत्तरायुष्यांत निगडित होते, ती पुढें सीडॅकमध्यें विलीन झाली, आणि त्या सीडॅकचें एक केंद्र नवी मुंबईंत खारघरलाच आहे.

प्रत्यक्ष कृति अवघड नाहीं. आधीं सर्व फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. बदलांत कांहीं पुसलें जात नसलें तरी प्रत नसतांना मोठ्या कामाला हात घालूं नये. मग सेटिंग्ज, त्यांत सिस्टिम, त्यांत ॲक्टिव्हेशन, असें गेल्यावर सध्यांची आवृत्ति आणि तिचा परवाना खरा आहे कीं नाहीं, हें दिसतें. तेथूनच मायक्रोसॉफ्टच्या दुकानांतून बढती विकत घेतां येते, किंवा अन्यत्र रीतसर घेतलेली किल्ली घालतां येते. संगणक एकदोनदां बंद होऊन पुन्हां सुरू होतो, आणि काम संपतें. एक गोष्ट ध्यानांत असावी: जाणें सोपें, परतणें अवघड. प्रोवरून होमवर यावयाचें, तर विंडोज नव्यानें बसवावें लागतें.

रीतसर किल्ली हा शब्द येथें मुद्दाम वापरला आहे. इंटरनेटच्या बाजारांत आणि गल्लीतील दुकानांत तीच किल्ली शेपांचशे रुपयांत देणारे भेटतात. त्यांतल्या पुष्कळ किल्ल्या एखाद्या संस्थेला घाऊक दिलेल्या परवान्यांतून फुटलेल्या असतात; त्या आज चालतात आणि कंपनीनें रद्द केल्या कीं उद्यां बंद पडतात. त्याहून वाईट म्हणजे परवान्याची खोटी साक्ष देणारे प्रोग्राम. ते बसवितांना कारागीर प्रथम डिफेंडर बंद करावयास सांगतो. ज्या कुलुपासाठीं खटाटोप केला, तें लावण्यापूर्वीं घराचा पहारेकरी हांकलून देण्यासारखेंच हें! शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें कलम ६३-ब आहे. संगणक-प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाराला त्यांत सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठीं किंवा धंद्यासाठीं नसेल, तर न्यायालयाला कैद न देतां दंडावर भागवितां येतें. म्हणजे ज्यानें व्यवसायासाठींच प्रो घेतलें, त्याला ही सवलतहि नाहीं.

शेवटीं निवाडा असा कीं, विद्यार्थ्याला, पत्रव्यवहार करणाऱ्या आजोबांना, किंवा चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबाला प्रो घेण्याचें कारण नाहीं. तो पैसा बाहेरच्या डिस्कवर खर्च करावा आणि फाइलींच्या प्रती ठेवाव्या. ज्याला कुलूप हवें पण खर्च झेपत नाहीं, त्याला व्हेराक्रिप्टसारखीं विनामूल्य साधनें आहेत. ज्याला विंडोजचीच गरज नाहीं, त्याला लिनक्सची वाट मोकळी आहे, आणि सीडॅकनें तयार केलेली बॉस ही देशी प्रणाली त्याच कुळांतली. पण ज्याच्या संगणकांत दुसऱ्यांचें धन, दुखणें किंवा वाद नोंदलेला आहे, त्यानें आपल्या घराचा एक कोपरा कचेरी झाला आहे, हें मान्य करावें, आणि त्या कोपऱ्याला साजेसें कुलूप पैसे देऊन, पावती घेऊन लावावें. तो खर्च डौलाचा नसून विश्वासाचा आहे. आणि कुलूप लावल्यावर त्याच संध्याकाळीं, दुसऱ्या कोणत्याहि कामाला लागण्यापूर्वीं, ते अठ्ठेचाळीस अंक कागदावर उतरवून ठेवावे.